आनंदीबाईंनी निवडलेले कॉलेज

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर चार शब्द लिहावेत, असे कार्यकारिणीच्या भगिनींनी मला सुचविले. मी पेशाने डॉक्टर. तालुक्याच्या गावी अडतीस वर्षे बाळंतपणे केली. तेव्हा हे काम माझ्याकडे येणे साहजिकच होते. पण खरे सांगायचे तर मी थोडी बिचकले. कारण आनंदीबाईंची गोष्ट आपणां सर्वांना तोंडपाठ आहे. नवव्या वर्षी लग्न, विक्षिप्त पती, दहा दिवसांचे मूल, आगबोटीचा प्रवास, पदवी आणि लगोलग मृत्यू. त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपट झाला. तेच पुन्हा सांगून स्मरणिकेची पाने भरण्यात काय हशील?

म्हणून मी त्यांच्या चरित्रातील एकच गोष्ट हाती घ्यायचे ठरविले. आनंदीबाई डॉक्टर झाल्या हे सगळे सांगतात. पण त्यांनी शिकण्यासाठी जागा कोणती निवडली, का निवडली, आणि ती निवड बरोबर ठरली का, याकडे फारसे कोणी पाहत नाही. मला मात्र त्याचेच कुतूहल वाटते. दरवर्षी निकाल लागले की गावातले आईबाप मुलीला घेऊन माझ्याकडे येतात. कोणत्या मेडिकल कॉलेजात घालावे, हा त्यांचा प्रश्न. मग फी किती, वसतिगृह कसे, एस.टी. थेट जाते का, नाव मोठे आहे का, अशी चौकशी होते. त्या कॉलेजच्या इस्पितळात रोगी किती येतात आणि पोरीच्या हाताला काम किती लागेल, हे विचारणारे पालक मला बोटांवर मोजण्याइतके भेटले. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अठरा वर्षांच्या एका मुलीने मात्र या बाबतीत बराच विचार केलेला दिसतो.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. १८७४ साली त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस, बिजवर, वयाने पुष्कळच मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. तो हट्ट प्रेमाचा होता की अंमल गाजविण्याचा, हे ठरविणे कठीण आहे. पुस्तक बाजूला ठेवून चुलीपाशी बसल्याबद्दल त्यांनी बायकोला मारले आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. तरी त्यांच्याचमुळे अक्षर हाती आले हेही तितकेच खरे. १८७८ साली मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचले असते, हा सल आनंदीबाईंच्या मनात राहिला. अशी घरे मी किती पाहिली! मूल गेलेली आई तेव्हा काही बोलत नाही. पण पुढे कित्येक वर्षे तिच्या मनात तो हिशेब चालूच असतो.

त्याच वर्षी कोल्हापुरास असताना गोपाळरावांनी अमेरिकेतील एका मिशनऱ्याला पत्र धाडून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. ख्रिस्ती व्हा मग पाहू, अशा आशयाचे उत्तर आले. पण तो पत्रव्यवहार तिकडच्या मिशनच्या मासिकात छापून आला. १८८० साली न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. कोण कुठली हिंदुस्थानातली मुलगी! पण त्या बाईने तिला पत्र लिहिले. पुढे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली, मावशी-भाचीचे नाते जडले. आनंदीबाईंचा अमेरिकेकडे ओढा झाला त्यात या मावशीचा वाटा मोठा आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. १८८२-८३ च्या सुमारास डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या हिंदी स्त्रीपुढे कोणत्या वाटा होत्या? आपल्या देशात खरी म्हणावी अशी एकच. मद्रास मेडिकल कॉलेजात १८७५ पासून स्त्रियांना घेऊ लागले होते. पहिल्या चौघींत मेरी शार्लीब नावाची एक इंग्रज बाई होती. तिने १८७८ साली मद्रासचा शिक्षणक्रम पुरा केला. पण पूर्ण पदवीसाठी तिला लंडनला जाऊन पुन्हा शिकावे लागले आणि १८८२ साली ती तेथील पदवीधर झाली. यावरून मद्रासच्या शिक्षणाला वरच्या दारी काय किंमत होती, ते समजते. इतरत्र सुईणींचे वर्ग होते. जोशी दांपत्य तेव्हा बंगाल्यात होते. पण कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजाने अजून स्त्रियांना दार उघडले नव्हते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेजही १८८३ सालीच स्त्रियांना घेऊ लागले आणि आनंदीबाई त्याच वर्षीच्या एप्रिलात निघून गेल्या. काही महिने थांबत्या तर मुंबईतच सोय झाली असती, असे कोणाही आईच्या मनात येईल. माझ्याही आले.

पण २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जे जाहीर भाषण केले, त्याचा वृत्तांत वाचला की हा विचार मागे पडतो. हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचे, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. लोकांनी त्यांच्यामागे जो प्रश्नांचा ससेमिरा लावला होता, त्याला त्यांनी एकेक करून उत्तर दिले. अमेरिकेलाच का, इथे सोय नाही काय, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, संकट आले तर काय, आणि जे कोणी स्त्रीने केले नाही ते तूच का करतेस, असे ते प्रश्न. इथल्या सोयीविषयी त्यांचे म्हणणे असे होते, की मद्रासला कॉलेज आहे आणि इलाख्यांतून सुईणपणाचे वर्गही आहेत; परंतु ते शिक्षण अपुरे आहे, कारण शिकविणारे पुरुष जुन्या मताचे आहेत आणि स्त्री शिकते याचा त्यांना थोडा मत्सरही वाटतो. हे सांगताना त्यांचा स्वर रागाचा नाही. पुरुषांचा स्वभावच तसा, असे म्हणून त्या पुढे जातात. शिवाय ख्रिस्तीही नाही आणि ब्राह्मोही नाही, अशा हिंदू स्त्रीने रोज रस्त्याने शाळेला जाणे म्हणजे काय असते, तेही त्यांनी सांगितले. बघे जमत, हसत, टोमणे मारीत. धर्म बदलून इंग्रजी पोशाख केलेल्या बाईला इतका त्रास होत नसे. हे त्यांनी मुंबईत आणि बंगाल्यात सोसलेले होते.

मत्सराची त्यांची शंका खोटी नव्हती, याला पुढचा इतिहास साक्ष आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजात लवकरच कादंबिनी गांगुली शिकू लागल्या. हुशार बाई. १८८६ साली शेवटच्या परीक्षेत एका विषयात त्यांना अनुत्तीर्ण ठरविण्यात आले आणि एम.बी. ऐवजी जी.बी.एम.सी. ही दुसरी पदवी हाती ठेवण्यात आली. १८९३ साली त्यांना परदेशी जाऊन नव्याने परीक्षा द्याव्या लागल्या. आनंदीबाई इथे राहत्या तर त्यांच्याही वाट्याला असेच काही येते की नाही, कोण सांगणार? पण ज्या दारी परीक्षकच विरोधात बसलेला, त्या दारी न जाण्यात शहाणपण होते, असे मला वाटते.

बरे, अमेरिका ठरली तरी अमेरिकेत कोठे? रोझेलपासून न्यूयॉर्क अगदी जवळ. तेथे एलिझाबेथ ब्लॅकवेल या पहिल्या अमेरिकन स्त्री-डॉक्टरने १८६८ साली स्थापन केलेले स्त्रियांचे मेडिकल कॉलेज होते. मावशीच्या घराचा विचार केला तर तेच सोयीचे. फिलाडेल्फियाचे नाव सुचले ते कलकत्त्यात. तेथे थॉबर्न म्हणून अमेरिकन मिशनरी दांपत्य होते, त्यांनी पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजाकडे अर्ज करावा असे सांगितले. ज्याने ती जागा जवळून पाहिली आहे अशा माणसाचा सल्ला घेणे, हाच मी आजही पालकांना सांगते तो उपाय. माहितीपत्रकावरची चित्रे काय, सगळ्यांचीच सुंदर!

या कॉलेजाविषयी थोडे सविस्तर सांगितलेच पाहिजे. ते १८५० साली निघाले. केवळ स्त्रियांनाच वैद्यक शिकविणारी संस्था तेव्हा जगात नवलाईची. आरंभी त्यांना मोठी अडचण आली ती रोग्यांची. पुस्तकी वैद्यक व्याख्यानांतून शिकविता येते. पण शहरातली इस्पितळे मुलींना खाटेपाशी उभी राहू देत ना. तेव्हा त्या बायकांनी १८६१ साली स्वतःचे स्त्रियांचे इस्पितळ उभारले. १८६९ च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाच्या जुन्या पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील व्याख्यानांना त्यांच्या विद्यार्थिनी प्रथमच गेल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. मुली जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे आनंदीबाईंनी आपल्याकडच्या रस्त्यांवर जे सोसले, त्याचीच दुसरी आवृत्ती त्या कॉलेजाने सोसलेली होती. फरक इतकाच, की इथे मुलगी एकटी होती आणि तिथे तिच्या पाठीशी संस्था उभी होती. माझ्या मते कॉलेज पारखताना पाहायची गोष्ट ती हीच.

आणखी एक. कॉलेजच्या डीन रेचल बॉडले या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. १८७४ पासून डीनपद त्यांच्याकडे होते. १८८१ साली त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवून कोण कोठे आहे, कोण व्यवसाय करते, याची माहिती गोळा केली. बहुतेक जणी व्यवसायात टिकून होत्या. पदवी दिली की संबंध संपला, असे या बाईंनी मानले नाही. त्याच कॉलेजची क्लारा स्वेन ही पदवीधर १८७० साली बरेलीस आली होती व तेथे तिने स्त्रियांसाठी इस्पितळ काढले. हिंदुस्थानातील स्त्री-रोग्यांचे हाल त्या कॉलेजला अगदीच अपरिचित नव्हते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडले. प्रवासासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. गोपाळराव बरोबर गेले नाहीत. पैसा पुरेना आणि घरच्या माणसांचा भारही त्यांच्यावर होता. ४ जूनला न्यूयॉर्कला मावशी बंदरावर हजर होती. उन्हाळा रोझेलला गेला. सप्टेंबरच्या अखेरीस, २८ तारखेला, त्यांनी कॉलेजच्या चिटणिसांना पत्र लिहिले. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखविण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायची म्हणून मी आले, असा त्याचा मथितार्थ. प्रवेशाच्या काही अटींत आपण कदाचित कमी पडू, हेही त्यांनी न लपविता कळविले आणि नातलग व जात यांच्या विरोधाला न जुमानता इतक्या दूर आले, याचा विचार व्हावा, असे सुचविले. अर्ज असा असावा. कॉलेजने प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. इथे खरोखर दोन्ही बाजूंनी निवड झाली.

ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला. त्या अखेरपर्यंत साडीच नेसल्या. मात्र नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, ते तिकडे बरे दिसेना, म्हणून गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. मांसाहार केला नाही. धर्म बदलला नाही. मिशनऱ्यांशी संबंध असलेल्या त्या वातावरणात हे टिकविणे सोपे नव्हते. पण कॉलेजने त्यासाठी अडविले नाही, हेही नोंदविले पाहिजे. १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबूली, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. आपणांपैकी ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. १८८९ साली याच कॉलेजातून सुझन ला फ्लेश ही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी पहिली स्त्री-डॉक्टर बाहेर पडली. साऱ्या जगातून हाकललेल्या मुलींना जागा देणारे ते घर होते म्हणा ना!

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. तेथेही त्यांनी आपल्या घरचेच शास्त्र मांडले, याचे मला कौतुक वाटते. गोपाळराव तोपर्यंत अमेरिकेत येऊन दाखल झाले होते. पंडिता रमाबाई इंग्लंडहून समारंभाला आल्या. रमाबाईंनाही मुळात वैद्यकच शिकायचे होते. कानांनी दगा दिला म्हणून तो मार्ग बंद झाला. व्यासपीठावर बहिणीला पदवी घेताना पाहून त्यांना काय वाटले असेल!

आता दुसरी बाजू. आनंदीबाई अमेरिकेत आजारी पडल्या, क्षयाने त्यांना गाठले. फिलाडेल्फियाचा कडाक्याचा हिवाळा, परका आहार आणि अभ्यासाचा ताण यांना दोष दिला जातो. डॉक्टर म्हणून मला इतकेच सांगायचे आहे, की क्षय थंडीने होत नाही, जंतूने होतो; पण अशक्त शरीरात तो लवकर हातपाय पसरतो. आणि शरीर अशक्त होते ते अमेरिकेतच नव्हे. कलकत्त्यास असतानाच डोकेदुखी, ताप, थकवा, मध्येच दम लागणे हे सारे चालू होते आणि मावशी अमेरिकेहून औषधे धाडीत होती. म्हणजे घर सोडले तेव्हाच प्रकृती पोखरलेली. कॉलेजची निवड करताना शिक्षक पाहिले, पदवी पाहिली, धर्माची मोकळीक पाहिली. तीन हिवाळे आपली प्रकृती झेपवील का, हे कोणी पाहिले? गोपाळरावांनी नाही, मावशीने नाही. मद्रासला गेल्या असत्या तर जगल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. त्या काळी क्षयाला औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन येण्यास आणखी जवळजवळ साठ वर्षे होती. पण मुलगी दूर पाठविताना तिचे वजन, तिची भूक, तिचा खोकला यांची चौकशी गुणपत्रिकेइतकीच करावी, हे मी पालकांना बजावते, ते त्यांच्याच आठवणीने.

तर मग निवड बरोबर की चूक? माझे मत विचाराल तर कॉलेज त्यांनी अचूक निवडले. जेथे बायकांना अर्धे शिक्षण देऊन वाटेला लावीत नव्हते, जेथे स्वतःचे इस्पितळ होते, जेथे साडी आणि देव दोन्ही आपापल्या जागी राहू शकत होते, अशी ती जागा होती. बॉडले बाईंनीही आपली विद्यार्थिनी विसरली नाही. रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात निघाले, त्याची प्रस्तावना त्यांनीच लिहिली आणि तीत आनंदीबाईंची हकिकत सांगितली. पुढच्याच वर्षी त्याही वारल्या. ते कॉलेज पुढे १९७० साली पुरुषांनाही घेऊ लागले, नाव बदलले आणि अखेर ड्रेक्सेल विद्यापीठात सामील झाले. आनंदीबाईंचे अर्जाचे पत्र तेथील दप्तरात जपून ठेवलेले आहे.

पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रीविभागाचे काम त्यांना देऊ केले होते. त्यांनी ते स्वीकारले. ऑक्टोबर १८८६ मध्ये अमेरिका सोडली, नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या आणि पुण्यास आल्या त्या अंथरुणालाच खिळल्या. एकही रोगी त्यांच्या हाताखालून गेला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. अस्थी मावशीकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

कोल्हापूरची ती जागा डॉ. आनंदीबाईंना कधी भरता आली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर कोल्हापुरात स्त्रियांवर उपचार करू लागल्या आणि पुष्कळ वर्षे करीत राहिल्या. त्या शिकल्या होत्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात.